मदत हवी आहे : आई-बाबांबरोबर जुनं प्राग कसं पाहावं?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन प्रागला जातोय. शुक्रवारी दुपारी पोहोचू, सोमवारी सकाळी निघू. आईचे गुडघे दुखतात आणि जुन्या शहरात सगळीकडे दगडी फरसबंदी, म्हणून थोडंच पण नीट पाहायचं आहे.

बाबा भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. १४१० सालचं खगोलीय घड्याळ आणि टीन चर्चमधली खगोलशास्त्रज्ञ ट्यूको ब्राहेची कबर त्यांना पाहायचीच आहे. ब्राहेच्या नोंदींवरूनच केप्लरने ग्रहगतीचे नियम मांडले, तेव्हा तिथे घाई करणार नाही. हे चर्च आतून पाहायला कोणती वेळ बरी? ते घड्याळ असलेल्या टाउन हॉलच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे, पण क्लेमेंटिनमच्या खगोल मनोऱ्याचे जिने आईला झेपतील का?

योसेफोव्हमधली जुनी ज्यू दफनभूमी मला चुकवायची नाही. जागा अपुरी पडल्याने तिथे थरांवर थर कबरी आहेत. सर्वांत जुना शिलालेख १४३९ चा. शनिवारी ती बंद असते, म्हणून रविवारी सकाळी ठेवली आहे. तेव्हा फार गर्दी असते का?

शनिवारी २२ नंबरच्या ट्रामने किल्ल्यापर्यंत चढायचं, सेंट व्हिटस कॅथेड्रल पाहायचं आणि हळूहळू उतरत चार्ल्स पुलावर यायचं, असा विचार आहे. हा उतार गुडघ्यांना त्रासदायक आहे का? वाटेत बसायला बाकं मिळतात का? ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. काही गाळावं लागलं तर काय गाळाल, तेही सांगा.