मदत हवी आहे: भाषांतरात 'स्पॅनिश' कुठे लिहावं, 'कास्तेयानो' कुठे?

नमस्कार मंडळी,

एका दिवाळी अंकासाठी स्पॅनिशमधून मराठीत तीन लेख करते आहे. एक बार्सिलोनाच्या शिक्षिकेचा, एक लिमाच्या पत्रकाराचा आणि एक ब्वेनोस आइरेसच्या बेकरीवाल्याच्या नातीचा. तिघांची भाषा एकच. पण त्या भाषेचं नाव आणि स्पेनच्या माणसांचं नाव तिघं वेगवेगळं घेतात, आणि माझ्याकडे मराठीत सगळ्यांना मिळून एकच 'स्पॅनिश'. तिथेच गाडं अडलंय.

शिक्षिकाबाई लिहितात, 'घरी कॅटलान, शाळेत कास्तेयानो.' कास्तेयानो हे स्पॅनिशचंच दुसरं नाव, आणि कॅटलान ही बार्सिलोनाकडची वेगळी भाषा. मी 'शाळेत स्पॅनिश' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, कॅटलान ही स्पेनची भाषाच नव्हे. त्यांना तर नेमकं हेच खटकतं. स्पेनच्या १९७८च्या राज्यघटनेतलं तिसरं कलमही असंच बोलतं: कास्तेयानो ही देशाची अधिकृत 'स्पॅनिश भाषा', आणि 'इतर स्पॅनिश भाषा' आपापल्या स्वायत्त प्रांतांत अधिकृत. म्हणजे कॅटलान, गालिसियन आणि बास्क या घटनेच्या लेखी स्पॅनिश भाषाच झाल्या.

लिमाचे पत्रकारही भाषेला कास्तेयानोच म्हणतात. पेरूच्या घटनेत हाच शब्द आहे, आणि शेजारी केचुआ, आयमारा या तिथल्या मूळ भाषा. अडचण माणसांची आहे. १५३२ साली स्पेनच्या पिसारोने पेरूतल्या काहामार्काला इंका राजा अताहुआल्पाला पकडलं, त्या प्रसंगात 'एस्पान्योलेस' सारखे येतात. तिथे 'स्पॅनिश लोक' लिहिलं, आणि पुढच्या परिच्छेदात लेखक म्हणाले 'आम्ही स्पॅनिश बोलणारे', की वाचक म्हणणार, मग हे गृहस्थ कोणत्या बाजूचे?

तिसऱ्या लेखाने तर मला फार वेळ अडवलंय, आणि तोच मला सगळ्यात आवडलाय. नातीचे आजोबा दक्षिण स्पेनमधल्या कादिसचे. पण गल्लीत सगळे त्यांना 'गायेगो' म्हणायचे, म्हणजे वायव्य स्पेनमधल्या गालिसियाचा माणूस. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गालिसियातून इतके लोक बोटींनी अर्जेंटिनात उतरले की पुढे स्पेनहून आलेला कुणीही गायेगोच. आपल्याकडे मुंबईत केरळच्या माणसालाही 'मद्रासी' म्हणायचे, तसंच. आजोबा पिठाचे हात कमरेवर ठेवून प्रत्येक गिऱ्हाइकाला 'मी कादिसचा' म्हणून सांगत. पुढे त्यांनीच दुकानाच्या पाटीवर 'गायेगो' हा शब्द रंगवून घेतला. इथे 'स्पॅनिश आजोबा' लिहिलं तर लेखातला जीवच जातो.

तर जाणकारांनी सांगावं: भाषेसाठी तिन्ही लेखांत एकच नाव ठेवू, की ज्याचं त्याचं? आणि स्पेनच्या माणसांना मराठीत काय म्हणायचं? 'स्पॅनियार्ड' मला इंग्रजी वर्तमानपत्रातून उचलल्यासारखा वाटतो.

प्रतिसाद १

ताई, छान धागा. भाषेबद्दल आधी. स्पॅनिश अकादमीचा पहिला एकखंडी कोश १७८०चा. त्याच्या नावात 'कास्तेयाना' भाषा होती. १९२५च्या आवृत्तीपासून नावात 'एस्पान्योला', म्हणजे स्पॅनिश, आलं. २००५ साली अकादमीने शंकानिरसनाचा कोश काढला, त्यातही सरसकट उल्लेखासाठी 'एस्पान्योल'ची शिफारस आहे, आणि स्पेनमधल्या इतर भाषांशेजारी उल्लेख असेल तिथे 'कास्तेयानो' योग्य मानलंय. म्हणून बार्सिलोनाच्या लेखात कास्तेयानो ठेवाच. पहिल्यांदा येईल तेव्हा 'कास्तेयानो, म्हणजे आपण जिला स्पॅनिश म्हणतो ती' असं वाक्यातच घाला, तळटीप नको. लिमाच्या लेखात सरळ स्पॅनिश चालेल.

माणसांसाठी आपल्याकडे सोपी सोय आहे. 'मराठीभाषक' म्हणतो तसं 'स्पॅनिशभाषक', आणि स्पेनहून आलेले ते 'स्पेनचे लोक'. काहामार्काच्या प्रसंगात 'स्पेनचे शिपाई' म्हटलं तर घोळ उरत नाही.

प्रतिसाद २

लिमाबद्दल मी सहमत नाही. केचुआ शेजारी आहे म्हणूनच तिथेही कास्तेयानो राहू द्या. कोलंबिया, व्हेनेझुएला, इक्वेडोर, बोलिव्हिया, पॅराग्वाय या देशांच्या घटनांतही कास्तेयानोच आहे. क्युबा, कोस्टा रिका, पनामात मात्र एस्पान्योल. लेखकाने आपल्या देशाचा शब्द वापरला, तो आपण का बदलायचा? वाचक शिकतील.

शिवाय हा शब्द समुद्रापार गेला की भाषेचं नाव माणसांनाही चिकटतं. फिलिपिन्सच्या तागालोग भाषेत 'कास्तिला' म्हणजे स्पेनची भाषाही आणि स्पेनचा माणूसही. बास्कमध्ये या भाषेला 'गास्तेलानिया' म्हणतात, मुळात तोही कास्तिल प्रांतच, ज्याच्यावरून कास्तेयानो हे नाव आलं.

प्रतिसाद ३

एक व्यावहारिक सूचना. सिनेमे बघताना आवाजाच्या यादीत 'कास्तेयानो' आणि 'लातिनो' अशा दोन नोंदी दिसतात. तिथे कास्तेयानो म्हणजे स्पेनमधल्या उच्चारांचं डबिंग, आणि लातिनो म्हणजे लॅटिन अमेरिकेतल्या. तुमचे तरुण वाचक हाच अर्थ धरून बसतील, आणि लिमाचा माणूस स्पेनच्या ढंगात बोलतो असं समजतील. म्हणून लिमाच्या लेखातही पहिल्या उल्लेखाला खुलासा हवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरवलंय: बार्सिलोना आणि लिमा, दोन्ही लेखांत कास्तेयानो, दोन्हीकडे पहिल्या उल्लेखाला वाक्यातच खुलासा. प्रतिसाद २ मधलं 'आपण का बदलायचा' पटलं. अंकाच्या संपादकीय टिपेत मात्र 'स्पॅनिश', कारण तिथे बोलणारी मी आहे. 'स्पॅनिशभाषक' आणि 'स्पेनचे लोक' हे दोन्ही घेतले. त्यामुळे लिमाचा लेख एकदम मोकळा झाला, कोण कुणाच्या बाजूचं ते वाक्यावाक्यात कळतं.

गायेगो तसाच ठेवते आहे. बोटींची माहिती नातीच्याच तोंडून आधीच्या परिच्छेदात आली आहे, त्यामुळे वेगळं समजवावं लागत नाही.

आता शेवटचं विचारते. ब्वेनोस आइरेसच्या बोलीत या शब्दातला 'य' हा 'श'कडे झुकतो, म्हणजे गल्लीतली पोरं प्रत्यक्षात 'गाशेगो' अशी हाक मारत असणार. आजोबा स्वतः मात्र 'गायेगो'च म्हणत असतील. संवादात पोरांच्या तोंडी 'गाशेगो' आणि आजोबांच्या तोंडी 'गायेगो' असं लिहिलं तर मराठी वाचकाला ते कळेल, की मुद्राराक्षस वाटेल? तिकडे राहिलेलं कुणी असेल तर कृपया सांगा. लेख शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे.