आई ऊसतोडीला, मुलगी बालगृहात. घरच्यांना सामील कसं करून घ्यायचं?

गोदाकाठ:
मी बीड जिल्ह्यात मुलांच्या केसेसवर काम करते. १४ वर्षांच्या एका मुलीचं लग्न थांबवलं, बाल कल्याण समितीपुढे हजर केलं, सध्या ती बालगृहात आहे. वडील वारलेत, आई भावाच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून (जोडी नाही, एकटीच तोडायला) कोल्हापूरकडं गेलीय, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले त्यामुळं हंगाम संपेपर्यंत मुकादम काही सोडत नाही, घरी एकटी आजी. घरची परिस्थिती बघून समितीला गृहचौकशी अहवाल १५ दिवसांत द्यायचाय. मी गेले तर आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली, काही विचारलं की नुसती मान हलवायची, शेवटी म्हणाली "कुठं अंगठा लावू बाई?" हमीपत्रावर अंगठा घेतला म्हणजे कुटुंबाचा सहभाग झाला असं मला तरी वाटत नाही. तुम्ही लोक काय करता?

जुनी_समुपदेशक:
आधी फाईल पिशवीत ठेव आणि संध्याकाळी जा, चुलीपाशी बस. आजी घाबरलीय गं, पोलीस दारात येऊन गेलेत, तिला वाटतंय आता आपल्याला आत टाकणार. आणि लग्न ठरवलं कुणी ते बघ, बहुतेक वेळा चुलता नाहीतर मामा असतो, सही मात्र आजीची घेतात! त्या सगळ्यांना एकत्र बसव, आईला व्हिडिओ कॉलवर घे, रात्री उसाच्या फडावरून कोपीवर, म्हणजे झोपडीवर आल्यावरच लाव, दिवसा तिला फोन घेता येणार नाही. न्यूझीलंडमध्ये १९८९ च्या कायद्यापासून हे रीतसर चालतं, अधिकारी सगळी माहिती देतात आणि मग खोलीबाहेर जातात, घरचे आपसात बोलून योजना मांडतात. आपल्याकडंही थोडा वेळ अंगणात जाऊन थांबायला कोण अडवतंय.

अंगणवाडी_ताई:
लग्न का लावत होते ते विचारलं का? आमच्या गावात एकच उत्तर असतं, वयात आलेली पोर सहा महिने कुणाच्या भरवशावर ठेवायची. मग त्याची सोय बघा ना. शाळेत ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालू आहे का, नसेल तर ग्राम बाल संरक्षण समितीत विषय घ्या. वडील नाहीत म्हणजे बालसंगोपन योजनेत बसते, महिन्याला २२५० रुपये मिळतात, तो अर्ज आजीच्या समोर बसून भरा. नुसतं लग्न करू नका सांगून आपण निघून येतो त्याचा मला फार राग येतो.

सातपुडा७:
दोघींचं पटतंय पण मुलीला आधी एकटीला विचारा, मामासमोर ती बोलणार नाही. कायद्यानं तिचं म्हणणं ऐकायलाच पाहिजे. घरात कुणाची भीती असेल तर घरच्यांना सामील करून घेणं वेगळं आणि लगेच ताब्यात देणं वेगळं. बालगृह शेवटचा पर्याय हे खरं, पण आत्या, मावशी कुणी आहे का तेही शोधा, समिती तिला 'योग्य व्यक्ती' ठरवून मुलीला तिच्याकडं ठेवू शकते.

गोदाकाठ:
मावशी आहे, गेवराईला, आजीनंच मागं एकदा नाव घेतलं होतं, मी मावशीला विचारलंच नव्हतं अजून. उद्या आधी मुलीला भेटते, मग रात्री आजीकडून आईला फोन लावते. मुलगी मावशीकडं राहायला तयार असेल तर शाळा तिथं बदलून घ्यायला दाखला लागेल का, कुणी केलंय का हे?

अंगणवाडी_ताई:
दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, मुख्याध्यापकांना तसं सांगा. आणि मावशीच्या नवऱ्यालाही भेटून या, घर त्यांचंही आहे.