काही त्रास नसताना मेंदूचा एमआरआय करून घ्यावा का?

पाऊलवाट

संपूर्ण शरीराच्या स्कॅनच्या जाहिराती हल्ली सारख्या दिसतात. त्यात मेंदूवर भर असतो, कारण मेंदूच्या आजारांची भीती सगळ्यांनाच वाटते. माझं मत स्पष्ट आहे. कसलंही लक्षण नसलेल्या माणसाने 'एकदा सगळं तपासून टाकू' म्हणून मेंदूचा एमआरआय करून घेऊ नये.

स्कॅन केला की काही ना काही सापडतंच. रॉटरडॅमच्या संशोधकांनी २००७ साली २००० सर्वसाधारण प्रौढांचे मेंदूचे एमआरआय तपासून आकडे प्रसिद्ध केले. ७.२ टक्के लोकांत रक्तपुरवठा तुटून मेंदूचा छोटा भाग मेल्याच्या खुणा होत्या, आणि त्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती. १.८ टक्के लोकांच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलेला होता, म्हणजे अ‍ॅन्युरिझम. १.६ टक्के लोकांत सौम्य गाठी होत्या. ही सगळी चालती-बोलती, आपापल्या कामात असलेली माणसं.

आता त्या फुगा सापडलेल्या माणसाचं काय? जपानमधल्या २०१२च्या मोठ्या अभ्यासात असे फुगे फुटण्याचं प्रमाण सरासरी वर्षाला एक टक्क्याच्या आत होतं, आणि लहान फुग्यांचं त्याहून बरंच कमी. उलट तो बंद करायच्या शस्त्रक्रियेतच पक्षाघाताचा धोका असतो. एव्हीएम, म्हणजे रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता, याबाबतीत तर अरुबा चाचणीने थेट उत्तर दिलं. न फुटलेल्या एव्हीएमवर हस्तक्षेप केलेल्या गटात मृत्यू किंवा स्ट्रोकचं प्रमाण ३० टक्क्यांच्या वर गेलं आणि फक्त औषधोपचार घेणाऱ्यांत ते १० टक्क्यांच्या आसपास राहिलं. चाचणी २०१३ मध्ये मध्येच थांबवावी लागली. सापडलं म्हणून काढलं, आणि त्यातच माणूस अधू झाला. हे मला फार गंभीर वाटतं.

दीपस्तंभ

अजिबात सहमत नाही. 'लक्षण दिसेपर्यंत थांबा' हा सल्ला फुग्याच्या बाबतीत किती क्रूर आहे याचा विचार करा. तिथे बहुतेकदा पहिलं लक्षण म्हणजे फुगा फुटणं, आणि फुटल्यावर साधारण एक तृतीयांश माणसं दगावतात. वाचलेल्यांपैकी अनेक जण पूर्वीसारखे कधीच होत नाहीत.

जपानमध्ये 'ब्रेन डॉक' नावाने निरोगी लोकांची मेंदूतपासणी कित्येक वर्षं चालू आहे. तिथले डॉक्टर काही अडाणी नाहीत. आणि रॉटरडॅमचंच म्हणाल तर त्याच गटाने २००३ मध्ये दाखवलंय की न जाणवलेले इन्फार्क्ट, म्हणजे रक्त न मिळून मेलेले मेंदूतले ठिपके, असलेल्या वयस्कांत पुढे डिमेन्शियाचा म्हणजे स्मृतिभ्रंशाचा धोका दुपटीहून जास्त असतो. ही माहिती माणसापासून लपवायची का? स्वतःच्या मेंदूतला तो ठिपका पडद्यावर बघितल्यावर सिगारेट सोडणारी माणसं असतात. रक्तदाबाच्या गोळ्या नुसत्या सांगण्याने कोण नियमित घेतो?

पाऊलवाट

लपवा असं मी म्हटलंच नाही. पण त्या ठिपक्यावर इलाज काय सांगणार? रक्तदाब आटोक्यात ठेवा, सिगारेट सोडा, साखर सांभाळा, चाला. यातली एक तरी गोष्ट स्कॅनशिवाय सांगता येत नाही का? २०१९ मध्ये रक्तदाबावरच्या स्प्रिंट माइंड चाचणीचे निष्कर्ष आले. वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२०च्या खाली ठेवण्याचं लक्ष्य ठेवलेल्यांत सौम्य स्मृतिदोष कमी आढळला. त्या लोकांना शोधायला दंडाला बांधायचा पट्टा पुरला.

निशिगंध

दोन्ही बाजू वाचल्या. माझ्या आईच्या मेंदूतला फुगा फुटला होता, आणि नंतर मोठ्या भावाच्या डोक्यातही एक सापडला. जवळच्या रक्ताच्या नात्यात अशी दोन माणसं असतील तर बाकीच्यांनी एमआर अँजिओग्राफी, म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय, करून घ्यावी असं मार्गदर्शक तत्त्वंच सांगतात. मूत्रपिंडांत गाठी होण्याचा एक आनुवंशिक आजार असतो, पॉलिसिस्टिक किडनी. त्यातही हा धोका जास्त असतो. मी तपासणी केली, काही निघालं नाही, आणि काही वर्षांनी ती परत करायची आहे.

म्हणून 'त्रास नसेल तर नकोच' असं सरसकट बोलू नका. एखादीने ते वाचून तपासणी टाळली तर?

पाऊलवाट

निशिगंध, तुमच्या बाबतीत तपासणी व्हायलाच हवी होती. माझा विरोध कारणाशिवाय केलेल्या स्कॅनला आहे आणि तुमच्याकडे कारण होतं. वाचणाऱ्यांनी हा फरक नक्की लक्षात ठेवावा.

अनुनाद

मी रेडिओलॉजीत काम करतो. 'मेंदूचा एमआरआय' ही एकच एक तपासणी आहे असं इथे सगळेजण गृहीत धरून चालले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

त्याच यंत्रात, त्याच माणसाचे आम्ही किती तरी वेगवेगळ्या प्रकारचे फोटो काढतो, आणि कुठले काढायचे हे फॉर्मवरच्या प्रश्नावर ठरतं. ताज्या स्ट्रोकची शंका असेल तर डिफ्युजन नावाचे फोटो बघतो. रक्तपुरवठा तुटला की पेशीतले पंप बंद पडतात, पाणी आत शिरून पेशी फुगतात आणि पाण्याच्या रेणूंची हालचाल अडते. ती अडलेली जागा काही मिनिटांत पांढरीशुभ्र उठून दिसते, सीटीवर त्या वेळी मेंदू अगदी स्वच्छ दिसत असला तरी. फुगा शोधायचा तर अँजिओग्राफी लागते. सूक्ष्म रक्तस्राव बघायचे तर ससेप्टिबिलिटी नावाचे वेगळे फोटो. फिट्स येणाऱ्या रुग्णाला हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या आतल्या भागाच्या लांबीला काटकोनात घेतलेले पातळ काप लागतात, नाहीतर मेंदूच्या पृष्ठभागातला बोटाच्या पेराएवढा दोषसुद्धा निसटतो.

म्हणजे कुठलाच प्रश्न नसलेल्या माणसाचा झटपट स्कॅन 'नॉर्मल' आला, तर तो फक्त त्या फोटोंपुरता नॉर्मल असतो. त्या कागदाने माणूस निश्चिंत होतो आणि पुढे खरंच काही झालं तर 'माझा स्कॅन तर स्वच्छ आहे' म्हणून घरी बसतो. सापडलेल्या नको त्या गोष्टींबद्दल सगळे बोलतात. मला या खोट्या निश्चिंतीची काळजी जास्त वाटते.

उलट प्रश्न नेमका असला की प्रतिमा काय करू शकते ते बघा. मोठी रक्तवाहिनी बंद झालेल्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. पूर्वी काही तास उलटले की हात वर करावे लागत. २०१८ च्या डॉन चाचणीत प्रतिमांवरून मेलेला भाग छोटा पण तुटवड्यात सापडलेला भाग मोठा असे रुग्ण निवडले आणि ६ ते २४ तासांच्या दरम्यानसुद्धा गुठळी ओढून काढली. तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे ४९ टक्के होते, गुठळी न काढलेल्या गटात १३ टक्के.

तिसरा_डोळा

पण हे सगळं माणसाच्या नजरेच्या मर्यादेबद्दल झालं. २०२५ मध्ये अपस्माराच्या, म्हणजे फिट्स येणाऱ्या, रुग्णांवरचं मेल्ड ग्राफ या एआय सॉफ्टवेअरचं काम आलं. रेडिओलॉजिस्टच्या नजरेतून सुटलेल्या मेंदूतल्या दोषांपैकी ६४ टक्के त्या सॉफ्टवेअरने शोधले. वर्षानुवर्षं फिट्स सोसणाऱ्याला त्यातून शस्त्रक्रियेची वाट मिळू शकते. अशी साधनं सगळ्यांच्या स्कॅनवर चालवली तर अनुनाद म्हणतात ते निसटणं जवळपास संपेल. मग तपासणीला हरकत काय उरते?

अनुनाद

ते काम मलाही फार मोलाचं वाटतं. पण ते ज्यांच्यावर केलं त्यांना फिट्स येत होत्या. दोष असण्याची शक्यता आधीच मोठी होती.

हिशोब करून बघू. समजा एखादा आजार हजारात एकाला आहे आणि तुमचं सॉफ्टवेअर आजारी आणि निरोगी दोन्ही ९५ टक्के अचूक ओळखतं. हजार निरोगी दिसणाऱ्या लोकांवर ते चालवलं तर खरा रुग्ण एक सापडेल आणि त्याच्यासोबत सुमारे ५० जणांना उगाच धोक्याची सूचना जाईल. त्या ५० जणांचे पुढचे स्कॅन, कधी बायोप्सी, आणि झोप उडालेले महिने. नजर तीक्ष्ण झाली तरी हा हिशोब सुटत नाही.

रानजाई

मला विस्मरणाबद्दल बोलायचंय. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन आता पेट स्कॅनवर जिवंत माणसात दिसतं. माझ्या वडिलांना हा आजार आहे. मला अजून काही नाही, पण मला जाणून घ्यायचंय. औषध असो वा नसो, पुढची वर्षं कशी घालवायची, कुठले निर्णय आता घ्यायचे, हे ठरवण्याचा मला हक्क आहे. 'उपचार नाही म्हणून कळून उपयोग नाही' हे डॉक्टरांनी परस्पर कसं ठरवायचं?

दीपस्तंभ

रानजाई, शंभर टक्के पाठिंबा.

पाऊलवाट

रानजाई, तुमचा हक्क मला मान्य आहे. पण तो स्कॅन तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो का? २०१५ च्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात स्मरणशक्ती शाबूत असलेल्या लोकांतही अमायलॉइड सापडण्याचं प्रमाण पन्नाशीत १० टक्के आणि नव्वदीत ४४ टक्के होतं. यातले कित्येक जण डिमेन्शिया न होताच आयुष्य पूर्ण करतात. स्कॅन पॉझिटिव्ह आला म्हणून तुम्ही नोकरी सोडली, घर विकलं, आणि तुम्ही त्या लोकांपैकी निघालात तर?

उपचाराचंही सांगते. लक्षणं नसलेल्या, पण अमायलॉइड असलेल्या लोकांना वर्षानुवर्षं सोलानेझुमॅब हे अमायलॉइडविरोधी औषध दिलेल्या ए४ चाचणीचा निकाल २०२३ मध्ये आला. घसरण मंदावली नाही. लेकानेमॅब या तशाच दुसऱ्या औषधाने १८ महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी कमी झाली, पण ती लक्षणं सुरू झालेल्या लोकांत, आणि सुमारे १३ टक्के रुग्णांच्या मेंदूला सूज दिसली.

रानजाई

आकडे बरोबर असतील. तरीही शक्यता म्हणून का होईना, मला ती ऐकायचीय. 'तुम्हाला झेपणार नाही' हे गृहीत धरणं मला मान्य नाही. वडिलांसोबत मी रोज आहे, मला काय झेपतं ते मला ठाऊक आहे.

तिसरा_डोळा

नैराश्य आणि स्किझोफ्रेनियाचं काय? तेही स्कॅनवर ओळखू अशा जाहिराती आहेत.

अनुनाद

त्यावर विश्वास ठेवू नका. एकट्या रुग्णाचं निदान करण्याइतकी खूण या आजारांत अजून कुणाला सापडलेली नाही. गटांच्या सरासरीत फरक दिसतात, पण ते इतके बारीक असतात की मेंदूची रचना आणि वागणं यांतले असे संबंध भरवशाने दाखवायला हजारो लोकांचे स्कॅन लागतात, हे २०२२ मध्येच दाखवून झालंय. इथे स्कॅन काढायचा तो गाठ किंवा मेंदूचा दाह अशी दुसरी कारणं नाहीत ना, एवढं बघायला.

दीपस्तंभ

माझी मागणी थोडी आवरती घेतो, पण सोडत नाही. साठीनंतर रक्तदाब जास्त असणाऱ्यांची किंवा धूम्रपान करणाऱ्यांची एकदा तरी तपासणी व्हावी. अँजिओग्राफीसह, नीट प्रश्न ठरवून. अनुनाद यांची अटही त्यात पाळली जाते.

पाऊलवाट

मग त्याची चाचणी घ्या. अर्ध्यांना स्कॅन, अर्ध्यांना फक्त रक्तदाब आणि सिगारेटवर नेटाने काम, आणि दहा वर्षांनी मोजा की स्ट्रोक आणि मृत्यू कुठे कमी झाले. तेवढा पुरावा मिळेपर्यंत धडधाकट माणसांना मी यंत्रात पाठवणार नाही.

दीपस्तंभ

आणि त्या दहा वर्षांत ज्यांचे फुगे फुटतील त्यांना काय सांगणार?

अनुनाद

त्यांच्यातल्या काहींना आपण आजही वाचवू शकतो, म्हणून वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. क्षणार्धात शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. एका बाजूची पापणी पडणं आणि एकाची दोन दिसणं. चेहरा वाकडा होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं. प्रौढ वयात पहिल्यांदाच आलेली फिट. यांपैकी काहीही झालं तर बरं वाटेल म्हणून वाट बघू नका, थेट आकस्मिक विभागात जा, आणि त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते तिथे आधी सांगा. गुठळीने झालेला स्ट्रोक असेल तर ती विरघळवणारं औषध देता येईल का, हे त्या वेळेवर ठरतं.