मदत हवी आहे: व्ही आणि डब्ल्यू मुलांच्या तोंडून एकच निघतात, 12 दिवस उरलेत

मानेवाडा_क्लास
नमस्कार. जरा लवकर उत्तर द्या. माझ्या बॅचला 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' यांतला फरक जमतच नाही. 3 आठवडे रोज 20 मिनिटं घोकून घेतोय. माझ्यामागून म्हणतात तेव्हा बरोबर येतं, वाक्यात शब्द आला की पुन्हा आपला मराठी व. यूट्यूबवरचे व्हिडिओ दाखवून झाले. खात्रीचा उपाय कोणाकडे आहे का?

सदरवाली
12 दिवस कशाला उरलेत? मुलं किती वर्षांची आहेत? घरी मराठी की हिंदी?

धंतोली_ध्वनी
सर, घोकंपट्टीनं हे होणार नाही. आधी आयपीए, म्हणजे ध्वनी लिहायची आंतरराष्ट्रीय चिन्हं, शिकवा. इंग्रजीत अक्षरं 26, पण ब्रिटिश उच्चारात ध्वनी 44. प्रत्येक ध्वनीला स्वतंत्र चिन्ह मिळालं की डोक्यातला गोंधळ जातो. मी 2 महिने फक्त तक्ता घेतो, मग शब्दांना हात लावतो.

इतवारीकर
12 दिवसांत 2 महिन्यांचा तक्ता कसा बसवायचा भाऊ? देवनागरीत लिहून द्या. व्हीला व्ह, डब्ल्यूला व. मराठी वर्तमानपत्रं व्हॅन आणि वॉच असंच छापतात. मुलांना वाचता येतं, प्रश्न मिटला.

धंतोली_ध्वनी
मिटत नाही, तिथूनच सुरू होतो. व्ह वाचला की मुलं त्यात ह घालतात. 'व्हेरी' म्हणताना तोंडातून हवेचा झोत येतो. व्हीमध्ये ह कुठेच नाही.

इतवारीकर
माझ्या दुकानातली पोरं असंच शिकली आणि आज परदेशी गिऱ्हाइकाशी बोलतात.

शिक्षिका_निवृत्त
मी खेड्यातल्या शाळेत शिकवत होते. 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हापासून हेच करत आले. दोघांचंही थोडं बरोबर आहे, पण आरसा कोणीच काढला नाही.

डब्ल्यूसाठी आरशात बघून 'ऊ' म्हणायला लावा. ओठ गोल, शिट्टी वाजवतो तसे. तिथूनच सरकायचं: ऊ-एस्ट, ऊ-एस्ट, वेस्ट. दात ओठाला लागता कामा नये. व्हीसाठी उलट करा. वरचे दात खालच्या ओठावर हलके ठेवून आधी नुसता 'फ्फ्फ' सोडा. त्यातच गळ्यातून आवाज चालू केला की 'व्व्व' होतो, आणि ओठाला गुदगुल्या होतात. गुदगुल्या झाल्या तर व्ही, नाही झाल्या तर चुकलं. आपला मराठी व या दोघांच्या मधे बसतो, दात ओठाजवळ जातात पण घासत नाहीत. म्हणून पोरांच्या कानाला दोन्ही सारखेच वाटतात. त्यात त्यांचा दोष नाही.

गोकुळपेठ_आई
माझी मुलगी आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा देणार आहे. स्पीकिंगचे गुण चार निकषांवर देतात आणि उच्चार त्यातला एक आहे, चौघांना सारखं वजन. तिच्यासाठी ट्यूशन कुठे चांगली?

सदरवाली
ताई, वेगळा धागा काढा ना. सर, माझे प्रश्न तसेच राहिले.

मानेवाडा_क्लास
सांगतो. 19 ते 22 वयाची 11 जणं आहेत, काटोल, उमरेड, रामटेककडची. घरी वऱ्हाडी. बहुतेकांचा डिप्लोमा झालाय. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या एका कंपनीत फोनवर ग्राहकांशी बोलायचं काम आहे, त्याच्या मुलाखतीची दुसरी फेरी 12 दिवसांवर आहे. पहिल्या फेरीत 'उच्चार सुधारा' म्हणून परत पाठवलं.

सदरवाली
'उच्चार सुधारा' म्हणजे कोणता? व्हीचं नाव त्यांनी घेतलं होतं का?

मानेवाडा_क्लास
नाही. मीच धरून चाललो. काटोलच्या मुलीला तीनदा 'पुन्हा बोला' म्हणाले. ती 'मेकॅनिकल' म्हणत होती.

सदरवाली
'मेकॅनिकल'मध्ये ना व्ही आहे, ना डब्ल्यू! म्हणाली कशी ती?

मानेवाडा_क्लास
पहिल्या 'मे'वर जोर, पुढचं सगळं सपाट आणि भरभर.

सदरवाली
मग सापडलं. हे आघाताचं, म्हणजे शब्दात जोर कुठे द्यायचा त्याचं दुखणं आहे. मराठीत जोर कुठेही दिला तरी शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपण तिकडे लक्षच देत नाही. इंग्रजीत ऐकणारा जोराच्या जागेवरून शब्द ओळखतो. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे शब्दाच्या पहिल्या तुकड्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. मि-कॅ-निकल, डि-प्लो-मा, डि-व्हे-लप, हो-टेल, सगळीकडे दुसरा अवयव जड. प्रत्येकाच्या हातात रबर बँड द्या, जड अवयवाला ताणायचा, बाकीच्यांना ढिला सोडायचा. हात ताणला की स्वर आपोआप लांबतो.

वर्धारोड_वऱ्हाडी
मी उमरेडकडचा. 'केळी'ला 'केयी' म्हणतो म्हणून कॉलेजात हसायचे, मग मी वर्गात तोंडच उघडलं नाही. सर, त्या मुलांना पयले सांगा का त्यांची जीभ बिघडलेली नाही. चमच्यातला च आन् चिंचेतला च वेगळा, लिहितो मात्र एकच. हे त्यांना कोणी शिकवलं नाही तरी येतं. ज्याला एका अक्षराचे दोन आवाज ठेवता येतात, त्याला व चेही दोन ठेवता येतील.

धंतोली_ध्वनी
हा मुद्दा मला फार पटला. तरीही तक्ता हवाच.

शिक्षिका_निवृत्त
तक्ता मुलाखत झाल्यावर घ्या. सध्या काम फोनचं आहे, तर सराव फोनवरच करा. एकाला गच्चीवर पाठवा, त्यानं 10 शब्द वाचायचे, खालच्यानं ऐकू येईल ते लिहायचं. समोर तोंड दिसत असलं की आपण ओठांवरून अंदाज बांधतो, फोनवर तसं होत नाही.

मानेवाडा_क्लास
आज संध्याकाळी दोन्ही करून पाहिलं. काटोलची मुलगी गच्चीवर गेली. रबराशिवाय 10 पैकी 4 शब्द खाली बरोबर उतरले. मग अर्धा तास रबर ताणून सराव घेतला, पुन्हा वर पाठवली, तर 8. 'मेकॅनिकल' पहिल्याच दमात कळलं. खाली आली तेव्हा रबर मनगटात अडकवलेला होता, घरी घेऊन जाते म्हणाली. वर्धारोड भाऊंचं चिंचेचं उदाहरण फळ्यावर लिहिलं, सगळे एकमेकांचे च ऐकत बसले होते.

3 आठवडे भलत्याच जागी घालवले याचं वाईट वाटतंय. 'व्हेरी वेल' अजून अडतं, दुसरा शब्दही दात लावूनच म्हणतात. उद्या बाईंच्या 'ऊ'पासून सुरू करतो. दोन्ही लागोपाठ आले तर मधे ओठ कसे सोडवायचे, तेवढं कोणी सांगाल का?