इंटरफेसचं नाव एक्सेलमध्ये नको, यंत्रावरच हवं

तारतम्य: 'एसएनएमपी एजंटला हात लावू नका' हा लेख वाचून डोकं फिरलं. (एसएनएमपी म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांची दुरून विचारपूस करायची पद्धत, एजंट म्हणजे यंत्रावर बसून उत्तरं देणारा प्रोग्राम.) म्हणे कुठल्या पोर्टला (इंटरफेसला) काय जोडलंय ते एक्सेलमध्ये लिहा, एजंटमध्ये स्क्रिप्ट घालणं ही नसती उठाठेव. आमच्या लिनक्स राउटरवर नेट-एसएनएमपी या एजंटला इफडिस्क्र, म्हणजे पोर्टचं वर्णन, विचारलं की चारही पोर्टना तेच उत्तर: इंटेल कॉर्पोरेशन आणि कार्डाचं मॉडेल. रात्री दोनला लिंक पडली तर शिफ्टवरच्या पोराने काय ओळखायचं? सिस्कोवर डिस्क्रिप्शन टाकलं की इफएलियासमध्ये, म्हणजे आपण दिलेल्या नावाच्या रकान्यात, आपोआप येतं. लिनक्सवरही 'आयपी लिंक सेट' कमांडने एलियास देता येतो, पण आमचा एजंट तिकडे बघतच नव्हता, इफएलियास रिकामं यायचं. शेवटी एसएनएमपीडीच्या, म्हणजे त्याच एजंटच्या, कॉन्फिगमध्ये .१.३.६.१.२.१.३१.१.१.१.१८ या ओआयडीसाठी (इफएलियासच्या आकडी पत्त्यासाठी) एक 'पास' ओळ, म्हणजे उत्तर बाहेरच्या स्क्रिप्टकडून घ्यायचा आदेश, आणि छोटी शेल स्क्रिप्ट टाकली. लिब्रेएनएमएस या देखरेखीच्या प्रोग्राममध्ये नावं दिसू लागली. यात कसली उठाठेव?

रॅकमागे: लेख माझा आहे. तुमचे पोर्ट चार. आमच्या डॉकरच्या सर्व्हरवर व्हीईथची, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेल्या आभासी पोर्टची, ही रांग. 'पास' दर ओआयडीला नवी प्रोसेस उघडतो. दर पाच मिनिटांनी पोलिंग (सगळ्या पोर्टची विचारपूस), मधेच टाइमआउट, मग सगळा सर्व्हरच डाउन असल्याचा अलार्म. हे निस्तरलंय, म्हणून लिहिलं.

घाटमाथा: मग 'पास_पर्सिस्ट' वापरा, एकच प्रोसेस चालू राहते. आणि स्क्रिप्ट नीट लिहा. फाइलयादी देणाऱ्या 'एलएस' कमांडच्या क्रमाने इंडेक्स (पोर्टचे क्रमांक) दिले की १ नंतर १० येतो, मग २, आणि एकामागून एक ओआयडी विचारत जाणारी एसएनएमपीवॉक कमांड 'ओआयडी वाढत नाही' म्हणून थांबते. आकड्यांच्या क्रमाने लावायचं एवढंच. दोष एजंटचा नाही.

नाइटशिफ्ट: तुम्ही पास आणि पर्सिस्टवर भांडताय, इथे मूळ दुखणं वेगळं आहे. डिस्क्रिप्शन लिहितो कोण आणि बदलतो कोण? मागच्या पावसाळ्यात जेसीबीने फायबर तोडली. इंटरफेसवर जुन्या प्रोव्हायडरचं नाव. मी अर्धी रात्र त्यांच्या हेल्पडेस्कशी भांडलो, ते म्हणत होते की ही लिंक आमची नाहीच. खरंच नव्हती! सकाळी मॅनेजरने मलाच झापलं. रिकामं नाव परवडलं, खोटं नाव नको.

तारतम्य: मग एक्सेल कोण अपडेट करतं? तुमची शीट तरी ताजी असते का?

नाइटशिफ्ट: शीटवर निदान तारीख असते हो. एसीत बसून सल्ले देणं सोपं आहे.

घाटमाथा: आवाज खाली. मीही शिफ्ट केल्यात. आमच्याकडे नियम आहे: केबल हलवणाऱ्यानेच नाव बदलायचं, त्याशिवाय चेंज तिकीट बंद होत नाही. नावात सर्किट आयडी आधी, प्रोव्हायडर नंतर. आरएफसी २८६३ या इंटरनेट मानकाप्रमाणे इफएलियासला ६४ अक्षरंच मिळतात. काही लोक त्यात 'कृपया हात लावू नये' लिहून जागा भरतात आणि सर्किट आयडी कापला जातो. याचा मला भयंकर राग येतो.

रॅकमागे: ग्राहकांची नावंही त्यातच टाकता ना? एसएनएमपीच्या एन्क्रिप्शन नसलेल्या व्हर्जन २सी वर, कम्युनिटी (पासवर्डसारखा शब्द) 'पब्लिक' ठेवून? म्हणजे वाटेत ऐकणाऱ्या कुणालाही यादी मिळाली.

तारतम्य: हा मुद्दा मान्य. व्हर्जन ३ लावा, एन्क्रिप्शनसकट. पण त्यासाठी नावंच काढून टाकायची?

रॅकमागे: बरं, फिजिकल पोर्टपुरतं, पर्सिस्टने, व्हीईथ गाळून, चालेल. लेखात तेवढी दुरुस्ती करतो. पण रीबूटनंतर तुमचा एलियास उडतो, त्याचं काय?

घाटमाथा: सिस्टमडीच्या (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) डॉट-लिंक फाइलमध्ये 'एलियास' ओळ टाका, उडत नाही.

नाइटशिफ्ट: आणि प्रोव्हायडर बदलला की ती फाइल कोण बदलणार, तेही लिहा.