चित्रातला क्षय

डॉक्टरकीचा अभ्यासक्रम आधीच भरगच्च, त्यात चित्रं-कथा कशाला, असं काहीजण विचारतात. मला ते अजिबात पटत नाही. नॉर्वेचा चित्रकार एडव्हर्ड मुंकचं ‘आजारी मूल’ हे चित्र बघा. त्याची बहीण सोफी १८७७ मध्ये क्षयाने गेली. पहिलं चित्र १८८५-८६चं, आणि पुढची चाळीसेक वर्षं तो तेच पुन्हापुन्हा काढत राहिला! उशीला टेकलेली फिकट मुलगी, शेजारी मान पार खाली घातलेली बाई. तिला वर बघवतच नाही. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने १८८२ मध्येच क्षयाचा जंतू दाखवला होता, पण ही झुकलेली मान सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. विद्यार्थ्यांना दहा मिनिटं हे चित्र नुसतं बघू द्या. मग विचारा, या दोघींपैकी आधी कोणाशी बोलाल?