‘हे काय, जवळच आहे’ म्हणणं बंद करा

गडवाटा: पाचनईहून हरिश्चंद्रगड चढायचा होता. गावात विचारलं, “किती वेळ लागेल?” उत्तर आलं, “हे काय, तासाभरात पोचाल.” आम्हाला तीन तास लागले. सोबतच्या काकांचं पाणी निम्म्या वाटेतच संपलं. ‘जवळच’, ‘थोडंसं’, ‘पाच मिनिटांत’ ही सवय आपण सोडायलाच हवी. मिनिटं, किलोमीटर, ग्रॅम कशाला आहेत?

अकोलेकर: वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. माझं आजोळ पाचनईच्याच, अकोले तालुक्यातलं. मामा डोक्यावर पीठ-तांदळाचं ओझं घेऊन ती वाट तासाभरात चढायचा. त्याच्या भागातला माणूस तुमच्याशी खोटं बोललेला नाही. आणि डोंगरात किलोमीटर घेऊन काय करणार? कोकणातून याच गडावर येणारी नळीची वाट नकाशावर बोटभर दिसते, चढताना दिवस मावळतो. ‘पाणी कुठे आहे, अंधाराच्या आत पोचू का’ हे विचारलं असतं तर नीट उत्तर मिळालं असतं.

गडवाटा: म्हणजे चूक विचारणाऱ्याची? पाठीवरची सॅक आणि चालीतला दम बघून समोरच्याला अंदाज येतोच की!

मालवणी माहेर: डोंगराचं राहू द्या, बाजारात या. मासळी अजून वाट्यावर, म्हणजे न तोलता ढिगाने विकतात. वर दोन मोठे बांगडे, खाली सगळे बारके. मेट्रिक वजनमापांचा कायदा 1956 सालीच आला, पण काट्याचं नाव काढलं की कोळीण अंगावर येते. ही तर लूट आहे.

जुनी पायली: पूर्वी असं नव्हतं. धान्य मापायला दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. आमच्या आजीचं माप कधी चुकलं नाही. किलो आले आणि हाताचा अंदाज गेला.

कुळाचा नातू: आजीचं चुकलं नसेल, सावकाराचं ठरवून चुकायचं! पायली म्हणजे आकारमान. धान्य घेताना शीग लावून, म्हणजे मापाच्या वर ढीग करून घ्यायचा, देताना वरून हात फिरवून सपाट द्यायचा. माप एकच, पण दोन्ही वेळा खोट आमच्या घराला. हे आजोबांच्या तोंडून ऐकलंय. जुन्या मापांचं कौतुक मला सांगू नका.

जुनी पायली: सगळे सावकार तसे नव्हते.

कुळाचा नातू: आमच्या वाट्याला आलेला तसाच होता.

मालवणी माहेर: मग माझंच खरं झालं. काटा हवा.

अकोलेकर: सावकाराच्या रांगेत कोळणीला बसवू नका. पहाटे लिलावात ती अख्खी टोपली नजरेच्या अंदाजावर घेते. तिला कोण तोलून देतं? पसंत नसेल तर वाटा बदलून मागा, घासाघीस करा. कुळांना सावकारापुढे ती सोय नव्हती.

कुळाचा नातू: हा फरक मान्य. पण जिथे एका बाजूलाच माप ठरवायचा अधिकार आहे, तिथे काटाच हवा. मजुरी, धान्य, औषध, सगळीकडे. घरात ‘चवीपुरतं मीठ’ खुशाल म्हणा.

गडवाटा: बरं, गाववाल्यांवरचा राग मागे घेतो. मागणी मात्र सोडत नाही. पायथ्याला पाटी हवीच, वेळ लिहिलेली.

अकोलेकर: लावा पाटी. पण वेळेच्या आधी पाण्याच्या जागा लिहा आणि त्या कोणत्या महिन्यापर्यंत टिकतात तेही. आमच्याकडे उन्हाळ्यात ओढे कोरडे पडतात.